उतरलेल्या तारा

"माझ्या गिटारला हात कुणी लावला?" पहिल्यांदा तारा छेडताच गाणं थांबवून शाहीनने माइकवरच विचारलं. महोत्सवात तिच्या पंक बँडला जेमतेम वीस मिनिटं मिळाली होती आणि मैदान भर उन्हातही गच्च भरलं होतं.

पहिल्या रांगेत एक हात वर झाला. तो तिच्या अब्बांचा होता. मिरजेत चाळीस वर्षं तंबोरे घडवणारे दस्तगीरभाई लेकीला न सांगता आले होते. मंचामागे ठेवलेली गिटार बघून त्यांना राहवलं नव्हतं.

"सहाही तारा उतरल्या होत्या गं. चारचौघांत शोभा नको, म्हणून लावून दिल्या."

"मुद्दाम उतरवल्या होत्या, अब्बा! महिनाभर खपून शोधला होता तो घाणेरडा आवाज. आता कुठून आणू?"

मैदान हसलं. दस्तगीरभाई हसले नाहीत. ते सावकाश मंचावर चढले आणि गिटार मांडीवर घेऊन बसले.

"कुठली तार किती पडली होती, ध्यानात आहे माझ्या. इतकं बेसूर माणूस विसरेल कसं?"

डोळे मिटून, एकेक खुंटी पिळत त्यांनी सगळ्या तारा होत्या तशा बिघडवून दिल्या. शाहीनने छेडून पाहिलं. आवाज तोच होता, तंतोतंत घाणेरडा. पोरांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

शाहीनला धीर आला. ती हळूच म्हणाली, "अब्बा, तिसरी आणखी थोडी?"

दस्तगीरभाईंनी उस्तादांचं नाव घेऊन कानाची पाळी धरली आणि तिसरी तार आणखी ढिली केली.