दोन बादल्या

संगमनेरला दूध पोचवणारी भागवतची जुनी पिकअप थंडीत इंजिनातल्या डिझेल पंपावर गरम पाणी ओतल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. वीस हिवाळे त्याची बायको सिंधू चारला उठून बंब पेटवायची आणि पाचला त्याच्यापुढे दोन वाफाळत्या बादल्या ठेवायची. एक त्याच्या आंघोळीची, एक गाडीची. “अन् तुझी आंघोळ?” त्यानं एकदाच विचारलं होतं. “माझी कवाच उरकली,” ओल्या केसांनी चुलीला चिकटून बसलेली सिंधू म्हणाली. “मग कुडकुडती कशाला? लई नाजूक बाई तू!” तो हसला होता. काल तिचं तेरावं झालं. आज त्यानं पहिल्यांदाच स्वतः बंब पेटवला. तापायला तास लागला. एक बादली भरली, दुसरी भरली आणि बंब रिकामा झाला. पहिली बादली त्यानं पंपावर ओतली. दुसरी तशीच वाफाळत ठेवून हौदातलं गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं.