न विचारता कळलेला पत्ता

"स्वतःचे नाव गल्लोगल्ली पुकारणे भाजीवाल्याला शोभते, सर्व्हरला नव्हे," प्राध्यापक उपासनी म्हणाले.

जमलेल्या मंडळींनी मिळून लिहिलेल्या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये त्यांच्या संमतीविना एक ओळही बदलत नसे. आणि आज बैठकीपुढे त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीने, इरावतीने, लिहिलेली नवी सोय होती: सर्व्हर सुरू होताच आसपासच्या सर्व संगणकांना आपले नाव आणि पत्ता आपणहून कळवणार. इतकी साधी कल्पना आपल्याला वीस वर्षांत सुचली नाही, याबद्दल उपासनींनी तिला अद्याप क्षमा केली नव्हती.

"सर, एकदा चालवून तरी पाहा."

"असल्या उथळ गोष्टी मी माझ्या यंत्राला शिवूही देत नाही, केळुसकरबाई."

पूर्वी ते तिला 'इरा' म्हणत. तिने प्रात्यक्षिक सुरू केले. भिंतीवरच्या पडद्यावर खोलीतल्या सर्व्हरांची यादी उमटली. पहिले नाव तिच्या सर्व्हरचे होते. दुसरे होते 'उपासनी-खासगी'.

मागच्या रांगेत कुणाला तरी एकाएकी खोकला आला.

"कधीपासून चालवताय, सर?" इरावतीने अत्यंत आदराने विचारले.

"दोष शोधत होतो."

"मग, सापडला?"

उपासनींनी पडद्याकडे पाहिले. "आत्ताच."

त्यांनी आपल्या लॅपटॉपवरचा सर्व्हर बंद केला आणि संमतीचा हात वर केला. तेवढ्यात यादीतून त्यांचे नाव अलगद नाहीसे झाले. तेही तिने चोख लिहिले होते.