कंपनीसाठी एक नाव

"तुमच्यानंतर कोण?" करसल्लागार बाईंनी विचारलं.

तो गोंधळला. इतका वेळ सगळं कराचं चाललं होतं. यंत्रासोबत जी पुस्तिका मिळते, तिच्यातली चित्रं तो काढायचा. कुठला स्क्रू कुठे बसतो, झाकण कुठून उघडतं. वीस वर्षं घरी बसून, स्वतःच्या नावावर. आता पंप बनवणाऱ्या कारखान्याने कळवलं होतं की यापुढे काम फक्त कंपन्यांना मिळेल, सुट्या माणसाला नाही. त्याचं निम्मं पोट त्या कारखान्यावर होतं.

"माझ्यानंतर म्हणजे?"

"एकट्याची कंपनी काढता येते. पण कंपनी माणसाबरोबर मरत नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर ती कुणाच्या हातात जाणार ते आधी लिहून द्यावं लागतं. त्या माणसाची सही लागते. बायको, मुलं, कुणीही चालेल."

बायको नव्हती, मुलं नव्हती. मित्र होते, ते कामापुरते. त्यातल्या एकाला विचारलं, तर तो "बघू, सांगतो" म्हणाला आणि मग फोनच उचलेनासा झाला. उरली धाकटी बहीण.

तिच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. आई शेवटच्या दुखण्यात तिच्याकडे होती. बहीण पुन्हा पुन्हा बोलवायची आणि दर वेळी त्याच्या अंगावर कुठलंतरी काम आलेलं असायचं. "नोकरदाराला रजा मिळते, मला कोण देणार?" असं तो म्हणायचा. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बहीण त्याच्याशी भांडली नाही. फक्त म्हणाली, "आता सावकाश कर तुझं काम." त्यानंतर तिने फोन केला नाही, आणि त्याचं धाडस झालं नाही.

कागद घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा दिवेलागण होत आली होती. दार मेहुण्यांनी उघडलं. "या," म्हणाले, पण नुसते ओठ हलले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. राग असणार, हे तो धरूनच आला होता.

बहीण खिडकीशी आरामखुर्चीत बसली होती. ती उठली नाही. खिडकी बंद असूनही तिने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. "बस," एवढंच म्हणाली. पाणीसुद्धा विचारलं नाही. ते मेहुण्यांनी आणून दिलं आणि मग ते स्वतः भिंतीशी जाऊन जमिनीवर बसले.

एरवी तिच्यापुढे कुणाला बोलायला फट मिळायची नाही. आज ती डोळे मिटून ऐकत होती. मुद्दाम करतेय, असं त्याला वाटलं. त्यामुळे तो आणखीनच घाईघाईने बोलत सुटला. कारखाना, कंपनी, सही.

"तुला काही करायचं नाहीये. नुसतं नाव. तुझ्या अंगावर काही येणार नाही. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण एवढ्या एका गोष्टीला नाही म्हणू नकोस."

तिने डोळे उघडले. "म्हणजे तू गेलास की कंपनी माझी?"

"हो."

"आणि मी काय करू तिचं? मला साधी रेघ सरळ मारता येत नाही."

ती हसली. त्याला एकदम हायसं वाटलं. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. "याला काहीच कळवलं नाहीत?"

"तूच नको म्हणालीस," मेहुणे खाली बघत म्हणाले. "त्याला कामं असतात, म्हणालीस."

तिने शालीतून हात बाहेर काढला. त्या हातावर मांस असं उरलंच नव्हतं. पुढे धरलेलं पेन तिने हलकेच बाजूला सारलं.

"दादा, दुसरं कुणीतरी बघ. तू मोठा असलास तरी माझा नंबर आधी लागलाय."

कधीपासून, कुठे दुखतं, डॉक्टर काय म्हणतात, सगळं एकदमच त्याच्या मनात आलं. विचारायला मात्र तोंड होईना. सहा गल्ल्या पलीकडे तो टेबलावर वाकून पंपाच्या झाकणांची चित्रं काढत बसला होता, आणि इथे हे चाललं होतं.

खिशातला फोन वाजला. करसल्लागार बाई होत्या.

"मिळालं का नाव? म्हणजे उद्या सकाळीच कागद पुढे सरकवते."

"नको. आहे तसंच राहू दे. माझ्याच नावावर."

"अहो, पण कारखान्याचं काम हातचं जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

बहिणीने पुन्हा डोळे मिटले होते. एवढ्या बोलण्यानेही ती दमली होती. तिची झोपमोड होणार नाही अशा बेताने तो उठला आणि मेहुण्यांजवळ जमिनीवर जाऊन बसला.

"रात्री हिच्याजवळ कोण असतं?"

"मीच. थोड्या थोड्या वेळाने कूस बदलून द्यावी लागते. तिचं तिला होत नाही."

"आज मी बसतो. तुम्ही पडा."

मेहुणे नको म्हणतील, असं त्याला वाटलं. आता कशाला आलात, असंही म्हणतील. ते ऐकून घ्यायची त्याने तयारी केली. थोड्या वेळाने त्याने मान वळवली.

भिंतीला टेकून बसल्या बसल्याच मेहुण्यांना झोप लागली होती.