खरी सही

हॉलिवूडच्या कोरिन वेलला चाहत्यांची पत्रं पोत्यांनी यायची. तिच्या फोटोंवर तिच्या नावाने सह्या ठोकायची नोकरी माझी. जास्तीचं अक्षरही लिहायचं नाही, असा हुकूम होता.

एका दुपारी मी कोरिनबरोबर स्टुडिओच्या फाटकातून निघत होते, तेवढ्यात एक मुलगी आली. पायांना लोखंडी पट्ट्या, चाल अडखळती. कोरिनने हसून सही दिली. पोरीचा चेहराच पडला.

“बाई, फसवता काय? ही सही खोटी आहे. खरी माझ्याकडे आहे.”

तिने चुरगळलेला फोटो पुढे केला. सहीच्या वर लिहिलं होतं, ‘स्वतःच्या पायांनी भेटायला ये. वाट बघतेय.’

कोरिनने अक्षर ओळखलं आणि मला पुढे ढकललं.

“पोरी, तू एवढी चालत आलीस ना, ती हिला भेटायला.”