तारेवरची लोकर

दक्षिण गोलार्धातली जुलैची थंडी यंदा पावसातच गेली आणि करपलेल्या माळावर पुन्हा गवत डोलू लागलं. म्हातारा लेस्टर कुंपणाशी उभा राहून आपल्या मेंढ्यांचं चरणं बघत होता. मधल्या कच्च्या वाटेपलीकडे, आपल्या कुंपणाशी, शेजारीण कोराली उभी होती.

"काढलास की रे दुष्काळ!" ती ओरडली.

"काढला. आणि कुणापुढे हात न पसरता!" लेस्टरने छाती फुगवली. "फुकटच्या वैरणीचा ट्रक दर खेपेला फाटकातूनच परतवला. म्हटलं, शेजारणीला द्या, तिला जास्त गरज आहे."

"मला गरज?" कोराली उसळली. "अरे, मीही त्याला तुझ्याकडेच पिटाळायची! म्हणायची, म्हाताऱ्याच्या मेंढ्यांची नुसती हाडं उरलीत."

दोघांचीही नजर मधल्या वाटेकडे गेली. दुष्काळात या वाटेवर अधूनमधून वैरणीचे गठ्ठे पडलेले असायचे. लेस्टरला वाटायचं, ते कोरालीचे. आपल्या मेंढ्या तारांतून माना घालून ते खातात, हे दिसलं की तो तोंड फिरवून घरात जायचा.

"मला वाटलं, ते गठ्ठे तुझे," कोराली हळूच म्हणाली.

दोन फाटकांमध्ये हेलपाटे घालून वैतागलेल्या ड्रायव्हरने माल अधेमध्येच टाकला होता तर! लेस्टरने तिच्या कुंपणाकडे पाहिलं, मग आपल्या. दोन्हीकडच्या तारांवर लोकरीचे पुंजके अडकले होते.

"पण हात नाही पसरले हं आपण," तो म्हणाला.

"छे!" कोराली ताठ मानेने म्हणाली. "मेंढ्यांना कुठली आलीय अब्रू?"