न धुतलेली गोधडी

"अजून एक गोधडी दे!" संध्याकाळी प्रवीण शिडीवरून ओरडला. "कोपरा उघडा राहतोय."

स्नेहल खालीच उभी राहिली. हवेतली बुरशी प्लास्टिक खायला लागल्यापासून पॉलिहाऊस नावालाच पॉली उरलं होतं. छपराला काच, आणि थंडीत काचेवर गोधड्या. ऊन असो की अंगाची ऊब, गोधडीचा धागा ती धरून ठेवायचा आणि घडी मोडली की गारठ्यात सोडायचा. पण गेले काही दिवस आभाळ भरलेलं, गोधड्या जेमतेम कोमट. आता आभाळ फाकलं होतं, पहाटे दव गोठणार होतं. आत स्ट्रॉबेरी फुलावर आलेली.

"घरात एक आहे," ती म्हणाली.

कोणती, ते प्रवीणला कळलं. धुतली की गोधडी रिकामी व्हायची, तरी दसऱ्याच्या धुण्यात सगळी पांघरुणं नदीवर जायची. सईची गोधडी मात्र स्नेहलने कधी जाऊ दिली नव्हती. त्यांची लेक तापाने गेली ती हिच्यातच. तो ताप अजून धाग्यात होता. कधीकधी स्नेहल पेटी उघडून घडीत नुसता हात घालून बसायची.

"राहू दे," तो म्हणाला. "करपू दे तेवढा कोपरा."

"सईने करपू दिला असता?"

तिने गोधडी आणली. वर देताना दोघांच्याही हाताला चटका बसला.

सकाळी कोपऱ्यातली फुलं टवटवीत होती. स्नेहलने काढलेली गोधडी गालाला लावली. ती इतरांसारखीच गार होती.

"येत्या दसऱ्याला," घडी घालत ती म्हणाली, "हीपण धुवायला काढू."