गुलाबाचं बी

पहिल्या बाळंतपणानं माझ्या पोटावर वण राहिले, म्हणून पुण्याच्या बहिणीनं रानगुलाबाच्या बियांच्या तेलाची बाटली पाठवली. रोज दोन थेंब चोळले की डाग फिके होतात म्हणे. सासूबाईंनी बाटली हुंगून खाली ठेवली. "गुलाबाला कुठं बी असतंय व्हय गं? फांदी खोचली की येतो गुलाब. तुला कुनीबी येड्यात काढतंय बघ."

आठवड्यात बाटली निम्मी झाली! माझा संशय सरळ नणंदेवर. मोहिनी दर रविवारी मंचरहून पिंपळवंडीला माहेरी यायची, आणि हल्ली तिचे गाल जरा जास्तच तुकतुकीत दिसत होते. मी गुपचूप बाटलीवर नेलपॉलिशची रेघ ओढली. त्या रविवारी मोहिनी आलीच नाही, तरी सोमवारी तेल रेघेच्या खाली.

दुपारी बाळ निजल्यावर मी दाराआड उभी राहिले. सासरे ओट्यावर घोरत होते. सासूबाई आल्या आणि त्यांनी बाटली उघडली. तोंडाला मात्र थेंबही लावला नाही. लग्नाच्या वर्षी जत्रेत सासऱ्यांनी हौसेनं त्यांच्या हातावर स्वतःचं नाव गोंदवून घेतलं होतं. त्या नावावर त्या तेल ओतून दात-ओठ खाऊन चोळत होत्या.

मला बघून त्या दचकल्यासुद्धा नाहीत. हात पुढं करून हळूच म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. तूच बघ बरं वृषाले, एखादं अक्षर तरी गेलंय का?"